‘वारं गेलं’ म्हणजे काय गेलं?
इंद्रियलोपाच्या परिभाषेचा एक अभ्यास

शरीराचे एखादे काम थांबले किंवा एखादे इंद्रिय निकामी झाले की मराठी माणूस बहुधा एकच क्रियापद वापरतो : ‘जाणे’. डोळे गेले, कान गेले, वाचा गेली, तोंडाची चव गेली, शुद्ध गेली. त्यापुढचे बारकावे दाखविण्यासाठी आणखी काही क्रियापदे आहेत. आवाज ‘बसतो’, हात ‘लुळा पडतो’, पाय ‘गळतात’, भूक ‘मरते’, भान ‘हरपते’, लघवी ‘तुंबते’. डॉक्टरांच्या कागदावर मात्र यांपैकी एकही शब्द नसतो. तेथे अॅफेशिया, हेमिप्लेजिया, अॅनॉस्मिया, अॅन्युरिया असे ग्रीक वळणाचे शब्द असतात. या दोन्हींच्या मध्ये तिसरी एक भाषा आहे. ती परिभाषा कोशांची : वाचाघात, पक्षाघात, घ्राणनाश, स्मृतिभ्रंश.

मी मराठीचा विद्यार्थी आहे, वैद्यकाचा नव्हे. या संज्ञांकडे मी वळलो तो भाषेच्या कुतूहलाने. परंतु मुलुंड-घाटकोपरच्या वस्तीत राहून शब्द गोळा करू लागल्यावर असे दिसले की, येथे शब्द चुकला तर केवळ व्याकरण बिघडत नाही. कधी वेळ निघून जाते, कधी हात जातो, कधी दृष्टी जाते. प्रस्तुत लेखात या तीन भाषांतील काही शब्द शेजारी शेजारी ठेवून, कोणता शब्द काय सांगतो आणि काय झाकतो, हे पाहावयाचे आहे.

१. ग्रीकांचा ‘अ’ आणि आपला ‘अ’

प्रथम एक सोपी किल्ली सांगतो. वैद्यकातील लोपवाचक शब्दांपैकी फार मोठा भाग ‘अ’ किंवा ‘अन्’ या ग्रीक उपसर्गाने सुरू होतो. व्यंजनापूर्वी ‘अ’, स्वरापूर्वी ‘अन्’. संस्कृत व्याकरण शिकलेल्यास हा नियम नवा नाही. आपल्याकडे ‘अज्ञान’मध्ये ‘अ’ आहे आणि ‘अनादि’मध्ये ‘अन्’ आहे. वैयाकरण त्याला ‘नञ्’ म्हणतात. हा योगायोग नव्हे. ग्रीक व संस्कृत या एकाच भाषाकुळातील असल्यामुळे हा उपसर्ग दोघींकडे एकाच मुळातून आला आहे.

ही किल्ली लावली की कुलपे भराभर उघडतात. ‘फोने’ म्हणजे आवाज, म्हणून अॅफोनिया म्हणजे आवाज नसणे. ‘ऑस्मे’ म्हणजे गंध, म्हणून अॅनॉस्मिया म्हणजे गंध न कळणे. ‘लेक्सिस’वरून अॅलेक्सिया, म्हणजे आलेले वाचन जाणे; ‘ग्राफेन’वरून अॅग्राफिया, म्हणजे लेखन जाणे. सर्वांत गमतीचा शब्द अॅग्नोशिया. डोळे शाबूत, पण समोरची वस्तू काय आहे हे ओळखता येत नाही, अशा अवस्थेला १८९१ मध्ये सिग्मंड फ्रॉइड यांनी हे नाव दिले. यातील ‘ग्नो’ आणि आपला ‘ज्ञा’ हे एकाच धातूचे वंशज आहेत. म्हणजे अॅग्नोशिया हा आपल्या ‘अज्ञान’ या शब्दाचा सख्खा चुलतभाऊ होय!

याच घरातील आणखी दोन उपसर्ग लक्षात ठेवावेत. ग्रीक ‘डिस’ म्हणजे आपला ‘दुस्’ किंवा ‘दुर्’. काम पूर्ण थांबले नसून बिघडले असेल तर तो लागतो. ग्रीक ‘हेमि’ म्हणजे अर्धे. संस्कृतात त्याचे भावंड ‘सामि’ आहे. ‘अ’ आणि ‘डिस’ यांतील भेद रुग्णाच्या दृष्टीने मोठा आहे. एकात कार्य गेलेले असते, दुसऱ्यात काही उरलेले असते आणि उपचार त्या उरलेल्यावर उभा राहतो. आपल्या ‘गेले’ या क्रियापदात हा भेद मावत नाही.

२. वारे, लकवा आणि आघात

आता मुख्य उदाहरणाकडे वळू. अर्धे अंग अचानक निकामी झाले की कोकणातून वा देशावरून उपनगरात येऊन राहिलेली म्हातारी माणसे म्हणतात, ‘अंगावरून वारं गेलं’. थोडे शिकलेले ‘अर्धांगवायू’ म्हणतात. गुजराती शेजारी ‘लकवो’ म्हणतात, हिंदी भाषक ‘लकवा मार गया’ म्हणतात. राजावाडीच्या किंवा कूपरच्या बाह्यरुग्ण विभागात हे सारे शब्द एकाच रांगेत उभे असतात.

‘वारे’ हा शब्द अडाणीपणातून आलेला नाही. त्यामागे आयुर्वेदाचे शास्त्र आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात केवळ वातामुळे होणारे ८० विकार मोजले आहेत. त्यांत पक्षवध आहे, एकांगरोग व सर्वांगरोग आहेत, तोंड वाकडे करणारा अर्दित आहे. शिवाय मूकत्व, बाधिर्य, घ्राणनाश आणि चव न कळणे म्हणजे अरसज्ञताही आहे. इंद्रियलोपाची इतकी जुनी व व्यवस्थित यादी आपल्याकडे असावी, ही अभिमानाची गोष्ट आहे. शास्त्रग्रंथातला हा ‘वात’ घरोघरी पोचताना ‘वारा’ झाला, इतकेच.

‘लकवा’ मूळचा अरबी. युनानी वैद्यकात तो केवळ चेहऱ्याच्या पक्षाघातासाठी होता. अर्ध्या अंगासाठी ‘फालिज’ हा वेगळा शब्द होता. मराठीत येताना लकव्याने चेहरा सोडला आणि सारे शरीर व्यापले. पुढे तो वर्तमानपत्रांत शिरला आणि ‘धोरणलकवा’ हा शब्द जन्मला.

‘पक्षाघात’ची गोष्ट निराळी. पक्ष म्हणजे बाजू, आघात म्हणजे तडाखा. ग्रीक ‘हेमिप्लेजिया’चा अर्थ पाहा : हेमि म्हणजे अर्धे, प्लेगे म्हणजे तडाखा. इंग्रजी ‘स्ट्रोक’ म्हणजेही तडाखाच. अचानक कोसळणाऱ्या या व्याधीकडे पाहून भिन्न भिन्न समाजांना एकच उपमा सुचली.

मात्र यांतील कोणताही शब्द हे सांगत नाही की दुखणे हातात किंवा पायात नसून मेंदूत आहे. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद होते किंवा फुटते, आणि तेथील पेशी मरू लागतात. मेंदूच्या डाव्या भागाला इजा झाली तर शरीराची उजवी बाजू जाते. गुठळीमुळे झालेला झटका असेल तर ती विरघळविण्याचे औषध देता येते. पण ते लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि त्याआधी सी.टी. स्कॅन करून रक्तस्राव नाही याची खात्री करावी लागते. म्हणजे हाताशी असलेला वेळ आणखीच थोडा.

आमच्या इमारतीतील एका निवृत्त गृहस्थांचा उजवा हात एका सकाळी उचलेना. घरच्यांनी ‘वारं गेलं’ म्हणून ओळखले. ओळखले बरोबरच! परंतु वारे अंगावरून गेले म्हटल्यावर उपचारही अंगालाच व्हायचा. दिवसभर कोमट तेलाने हात चोळला, शेक दिला, उबदार पांघरूण घातले. संध्याकाळी बोलणे अडखळू लागले तेव्हा रिक्षा बोलाविली. ते वाचले, पण हात परत आला नाही. त्यांच्या पत्नीने केलेल्या शुश्रूषेत माया कमी नव्हती. शब्दाने त्यांना हात दाखविला, मेंदू दाखविला नाही.

म्हणून अलीकडे ‘मेंदूचा झटका’ हा शब्द रूढ होत आहे, तो मला मोलाचा वाटतो. त्यात संस्कृतचा डौल नाही, पण ‘हृदयविकाराचा झटका’ ऐकल्याबरोबर जी धावपळ होते ती या शब्दानेही होऊ शकते. तोंड एका बाजूला वाकडे होणे, एक हात खाली पडणे, बोलणे बोबडे होणे, या तीन खुणांपैकी एक जरी एकाएकी दिसली तरी घड्याळ पाहून लगेच इस्पितळ गाठावे, एवढे त्या शब्दाबरोबर शिकविले पाहिजे.

३. वाचा गेली : कोणती?

‘वाचा गेली’ या दोन शब्दांत किमान तीन निरनिराळ्या अवस्था दडलेल्या आहेत. स्वरयंत्र बिघडून आवाज निघत नाही, तो अॅफोनिया. यालाच आपण ‘आवाज बसला’ म्हणतो. जीभ, ओठ, टाळू यांचे स्नायू नीट हलत नाहीत व उच्चार अस्पष्ट होतो, तो डिसार्थ्रिया. याला ‘बोबडी वळणे’ जवळचे आहे. तिसरी अवस्था म्हणजे अॅफेशिया. येथे आवाज आहे, जीभ आहे, पण मेंदूतील भाषेचीच इजा झालेली आहे.

पॅरिसचे डॉक्टर पॉल ब्रोका यांनी १८६१ मध्ये अशा एका रुग्णाचे वर्णन केले. त्याला दुसऱ्याचे बोलणे बरेच समजे, परंतु तोंडून ‘तान’ एवढाच ध्वनी निघे. मृत्यूनंतर त्याचा मेंदू तपासला तेव्हा डाव्या बाजूच्या पुढील भागात इजा आढळली. ब्रोकांनी या अवस्थेला वेगळे नाव दिले होते. १८६४ मध्ये त्रूसो यांनी सुचविलेला ‘अॅफेशिया’ हा शब्द पुढे टिकला. १८७४ मध्ये कार्ल वेर्निके यांनी याच्या उलट प्रकार दाखविला : रुग्ण अखंड बोलतो, पण बोलण्यास अर्थ नसतो आणि दुसऱ्याचे म्हणणेही त्याला उमगत नाही.

हा दुसरा प्रकार आपल्याकडे हमखास चुकीच्या नावाने ओळखला जातो. ‘म्हाताऱ्याला भ्रम झाला’, ‘डोक्यावर परिणाम झाला’ असे म्हटले जाते. पहिल्या प्रकारातील रुग्णाला ‘मुका’ म्हणतात आणि त्याच्या देखतच त्याच्याविषयी बोलू लागतात. त्याला सारे कळत असते! ‘वाचाघात’ हा पारिभाषिक शब्द लोकांत रुळला तर येथे उपयोगी पडेल. आघात वाचेवर झाला आहे, बुद्धीवर नव्हे, हे तो एका शब्दात सांगतो.

मुंबईच्या उपनगरांत याला आणखी एक पदर आहे. येथील माणूस घरात एक भाषा बोलतो, बाजारात दुसरी आणि कचेरीत तिसरी. वाचाघातानंतर या सर्व भाषा सारख्याच प्रमाणात परत येतात असे नाही. म्हणून रुग्णाची भाषा तपासताना घरची भाषा वगळून चालत नाही. वांद्रे येथे ९ ऑगस्ट १९८३ रोजी स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था वाचा व श्रवण या क्षेत्रांतील तज्ज्ञ तयार करते. भाषेच्या विद्यार्थ्याला हे क्षेत्र परके वाटू नये.

४. बधिर, भूल आणि गुंगी

‘बधिर’ हा शब्द संस्कृतात कानाचा आहे. मराठीने तो कातडीलाही लावला. ‘बहिरा’ हे त्याचे तद्भव रूप कानापाशी राहिले आणि ‘बधिर’ हे तत्सम रूप हातापायांकडे गेले. डॉक्टरांना मात्र येथे फार जपून ऐकावे लागते. ‘हात बधिर झाला’ असे सांगणाऱ्याला कधी स्पर्श कळत नाही, कधी मुंग्या येतात, तर कधी हाताला जोर नाही एवढेच म्हणावयाचे असते. तिन्ही अवस्थांची कारणे वेगळी असू शकतात.

या शब्दाने महाराष्ट्रात एक मोठे कामही केले आहे. कुष्ठरोगाच्या प्रचारात ‘बधिर चट्टा’ हे दोन शब्द भिंतींवर रंगविले गेले आणि गावोगाव पोचले. न खाजणारा, न दुखणारा, स्पर्श न कळणारा फिकट किंवा लालसर चट्टा दाखवावयास या, हा संदेश त्यात सामावला. ‘महारोग’ या जुन्या नावात भय होते. ‘बधिर चट्टा’त तपासण्याजोगी खूण आहे. असाच एखादा सोपा शब्द मधुमेही पायासाठी हवा आहे. मधुमेहाने पायाची संवेदना गेलेल्या माणसाची चप्पल चालता चालता निसटते आणि त्याला पत्ता नसतो. खडा रुततो, जखम होते आणि ती चिघळल्यावर दिसते.

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टन येथे विल्यम मॉर्टन यांनी ईथर देऊन शस्त्रक्रिया वेदनारहित करून दाखविली. त्या अवस्थेला नाव काय द्यावे, हे त्याच वर्षी ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी त्यांना पत्राने सुचविले : अॅनेस्थेशिया, म्हणजे संवेदनेचा अभाव. या एका शब्दापुढे मराठीने दोन शब्द उभे केले. दात काढताना हिरडी ‘बधिर करतात’. पोट उघडताना ‘भूल देतात’. जागेपुरते आणि संपूर्ण, हा भेद इंग्रजीला विशेषणे जोडून करावा लागतो, तो मराठीत क्रियापदातच आहे. लोकभाषा नेहमीच उणी पडते असे नाही, हे येथे नमूद केले पाहिजे.

५. डोळे, नाक आणि लघवी

मोतीबिंदू आणि काचबिंदू हे शब्द सख्ख्या बहिणींसारखे दिसतात. त्यामुळेच घोटाळा होतो. मोतीबिंदूत डोळ्यातील भिंग गढूळ होते; शस्त्रक्रियेने ते बदलले की बहुतेकांची दृष्टी परत येते. काचबिंदूत दृष्टीच्या मज्जातंतूची हानी होते, आणि गेलेली दृष्टी परत येत नाही. उरलेली राखता येते, एवढेच. मोतीबिंदू ‘पिकला’ की काढावयाचा, ही जुनी समजूत आता डॉक्टर मानीत नाहीत. पण त्या समजुतीने काचबिंदूचा रुग्णही ‘पिकण्याची’ वाट पाहत बसला, तर तो जे गमावतो त्याला इलाज नाही.

नाकाची गोष्ट चमत्कारिक आहे. ‘डोळे गेले’, ‘कान गेले’ असे आपण म्हणतो, पण गंध न कळणाऱ्याविषयी ‘नाक गेले’ असे म्हणत नाही. मराठीत नाक गेले की अब्रू जाते! आंधळा, बहिरा, मुका यांच्या रांगेत गंध न कळणाऱ्या माणसासाठी घरगुती शब्दच नाही. ‘वास येत नाही’ म्हटले तर दोष फुलाचा की नाकाचा, हेही कळत नाही. २०२० साली कोविडच्या साथीत ही उणीव एकाएकी जाणवली. त्या वर्षीच्या जूनमध्ये केंद्र सरकारने गंध व चव जाणे यांचा लक्षणांत समावेश केला, आणि अंधेरीपासून मुलुंडपर्यंत घरोघरी लोक कॉफीची बाटली हुंगून पाहू लागले. चरकाचा ‘घ्राणनाश’ तोवर ग्रंथातच होता.

‘लघवी बंद झाली’ हे वाक्यही तसेच फसवे. मूत्रपिंडांत लघवी तयारच होत नसेल, दिवसभरात १०० मिलिलिटरहूनही कमी होत असेल, तर तो अॅन्युरिया. लघवी तयार होऊन मूत्राशयात अडली असेल तर ती अवस्था वेगळी. पहिल्यात पोट तुंबत नाही, दुसऱ्यात ओटीपोट फुगते व कळा येतात. ‘तुंबली’ हा मराठी शब्द दुसऱ्या अवस्थेला अगदी नेमका आहे. रुग्णाने ‘बंद झाली’ऐवजी ‘तुंबली’ म्हटले तर निम्मे निदान तेथेच झाले.

६. साठी आणि स्मृती

‘साठी बुद्धी नाठी’ आणि ‘म्हातारचळ’ हे शब्द स्मृतीच्या ऱ्हासाला वयाचा स्वाभाविक भाग मानतात. त्यामुळे तपासणीचा विचारच होत नाही. अॅलॉईस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये मेंदूतील ज्या बदलांचे वर्णन केले ते रोगाचे होते, वयाचे नव्हते. शिवाय थायरॉईडचा बिघाड किंवा ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव यांमुळे झालेला विसराळूपणा उपचाराने सुधारू शकतो. ‘स्मृतिभ्रंश’ ही संज्ञा आज आपण अॅम्नेशिया आणि डिमेन्शिया या दोन्हींसाठी वापरतो. पहिल्यात प्रामुख्याने स्मरण जाते. दुसऱ्यात स्मरणाबरोबर विचार, व्यवहार आणि स्वभावही ढासळतो. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील स्मृतिभ्रंश तर क्रोधातून येणारा आहे. एका शब्दावर तीन ओझी फार झाली.

७. माणसाला चिकटणारी नावे

आतापर्यंत आपण अवस्थांची नावे पाहिली. माणसांची नावे अधिक नाजूक आहेत. आंधळा, बहिरा, मुका, पांगळा हे शब्द एकनाथांच्या भारुडांत रूपके होऊन आले. तेथे आंधळा तो, ज्याला परमार्थ दिसत नाही. संतांचा हेतू उपदेशाचा होता. परंतु म्हणींतून आणि भांडणांतून हेच शब्द शिवी झाले. मग ‘अपंग’ आला, ‘विकलांग’ आला आणि डिसेंबर २०१५ पासून ‘दिव्यांग’. अनेकांना हा शब्द सन्मानाचा वाटतो. काहींना वाटते की अंगाला दिव्य म्हटल्याने जिन्याला उतार मिळत नाही. दोन्ही मतांत तथ्य आहे.

‘मूकबधिर’ हा जोडशब्द मात्र खरोखरच तपासून टाकून द्यावा असा आहे. जन्मतः ऐकू न येणाऱ्या बहुतेक मुलांचे स्वरयंत्र उत्तम असते. बोलणे कानावर न पडल्याने ते बोलत नाहीत. बहिरेपण वेळेवर ओळखून श्रवणयंत्र, शिक्षण किंवा खुणांची भाषा मिळाली तर ‘मूक’ हे पद गळून पडते. ते आधीच चिकटविले तर प्रयत्नच संपतात.

शब्दांना आता कायद्याचेही वजन आहे. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते. २०१६ च्या कायद्यात २१ आहेत. दोन्ही कानांत ७० डेसिबेल ऱ्हास असेल तर ‘बहिरा’, ६० ते ७० असेल तर ‘कमी ऐकू येणारा’, अशी मोजमापे त्यात आहेत. सवलती व आरक्षण यांसाठी किमान ४० टक्के अपंगत्वाचा दाखला लागतो. ज्याच्या अवस्थेला नावच मिळाले नाही, त्याला दाखला कोठून मिळणार?

समारोप

मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये निघाले. पुढे तेथे मराठीतून वैद्यक शिकविणारा वर्गही चालला, आणि डॉ. सखाराम अर्जुन यांच्यासारख्या अध्यापकांनी मराठीत वैद्यकावर लेखन केले. महाराष्ट्र राज्य झाल्यावर भाषा संचालनालयाने परिभाषा कोश काढले, विश्वकोशाने रोगांवर नोंदी लिहिल्या. शब्द घडविण्याचे काम बरेच झाले आहे. राहिले आहे ते शब्द रांगेपर्यंत पोचविण्याचे काम.

ते करताना तीन गोष्टी पाहाव्यात असे मला वाटते. शब्दाने दुखण्याची जागा दाखवावी, जसे ‘मेंदूचा झटका’ दाखवितो. शब्दाने तपासण्याजोगी खूण द्यावी, जशी ‘बधिर चट्टा’ देतो. आणि शब्दाने अवस्थेला नाव द्यावे, माणसाला नव्हे. लोकभाषेत असा शब्द तयार असेल तर तोच घ्यावा. ‘तुंबली’ आणि ‘भूल’ यांना संस्कृत पोशाख चढविण्याची गरज नाही.

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आजी-आजोबा आहेत. ते कोणत्या दुखण्याला काय म्हणतात, हे एकदा लिहून काढावे. भाषेच्या अभ्यासाला शब्दसंग्रह मिळेल, आणि एखाद्या सकाळी ‘वारं गेलं’ ही हाक ऐकू आली तर तेलाच्या बाटलीआधी टेलिफोनकडे हात जाईल.